आमच्या घराच्या तीन सह्या

कलबुर्गीच्या आमच्या वॉर्डात विविधता आहे हे आम्हाला नोटीस लागल्यावर कळलं. तोवर आम्ही तिथं नुसतेच राहत होतो.

नोटीस वॉर्ड ऑफिसच्या फळ्यावर होती, नळाच्या वेळापत्रकाशेजारी. समाजभवनाची मागची खोली सांस्कृतिक वैविध्य केंद्रासाठी द्यायची आहे. ज्या भाषेची घरं वॉर्डात सगळ्यांत जास्त, त्या भाषेच्या मंडळाला खोली मिळेल. अर्जासोबत घरटी एक सही, अशी यादी जोडावी. म्हणजे वैविध्य साजरं करायचं असेल तर आधी बाकीच्यांना हरवून या. मी ती नोटीस दोनदा वाचली, संतापले, आणि घरी येऊन यादीसाठी कागदावर रकाने आखायला बसले. संतापल्यावर माणसानं नोटीस फाडायला हवी होती की रकाने आखायला, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही. कॉलेजपासून पत्रकं लिहिणाऱ्या माणसाचं असंच होतं. राग आला की हाताला कागद लागतो.

आमचा वॉर्ड भला मोठा. आळंद रस्त्याच्या अंगानं सुरू होतो, डाळ मिलांच्या मागून वळसा घेतो आणि नाल्यापाशी संपतो. आम्ही मूळचे निंबर्ग्याचे. अप्पा मिलमध्ये काट्यावर आहेत, तूर मोजून घेतात. आमच्या डाव्या हाताला एक कन्नड घर, उजव्या हाताला हळ्ळीखेडहून आलेलं धनगराचं घर, ज्यांची मेंढरं आता फक्त भिंतीवरच्या फोटोत आहेत. मागच्या गल्लीत दखनी बोलणारे मास्टरसाब, शाळेतून निवृत्त झालेले. त्यांच्या पलीकडं औरादकडची तेलुगू माणसं. ज्वारीच्या भाकरी थापून विकणाऱ्या तीन बायका चौकात बसतात, त्यांची भाषा गिऱ्हाईक बघून ठरते. बाहेरून आलेली माणसं हे बघून हरखतात. त्यांच्या मागं लागून पापड विकणारेही चारही भाषांत भाव करतात, तेव्हा ती आणखी हरखतात आणि पापड जरा महाग घेतात.

आता खोलीचं. ती खोली रिकामी आहे असं नोटिशीत लिहिलं होतं. ती रिकामी नव्हती. तिथं अक्का बसायची.

अक्का म्हणजे पन्नाशीची एक बाई. मिलमध्ये डाळ निवडायला जाणाऱ्या बायकांची लहान पोरं सकाळी नऊपासून मिलचा भोंगा होईपर्यंत सांभाळायची. सरकारी अंगणवाडी नव्हे, कसला बोर्ड नाही, कसला पगार नाही. आया जमेल ते द्यायच्या, कुणी पायलीभर ज्वारी, कुणी डाळीची चुरी. अक्का पोरांना गोष्ट सांगायची तेव्हा कोल्हा मराठीत चालायला लागायचा, कन्नडमध्ये विहिरीत पडायचा आणि दखनीत ओरडायचा. पोरांना त्यात काही वेगळं वाटायचं नाही. मी स्वतः त्या खोलीतच वाढले, आणि कोल्ह्याला एकच भाषा येते हे मला बरंच उशिरा, पुस्तकात वाचून कळलं.

खोली गेली तर अक्काची पोरं रस्त्यावर येणार होती. संक्रांत जवळ आली होती, नवी तूर बाजारात यायला लागली होती, मिलमध्ये बायकांची गरज वाढली होती. पोर ठेवायला जागा नसेल तर बाई कामावर जाणार कशी? तेव्हा मी ठरवलं की खोली मराठी मंडळानं मिळवायची आणि सकाळची अक्काला द्यायची. संध्याकाळी आम्ही तिथं व्याख्यानं ठेवू. हे फार न्याय्य आहे असं मला वाटलं. पत्रकाचं पहिलं वाक्य तिथल्या तिथं सुचलं, 'हा वॉर्ड मराठीच आहे.' ते खरं आहे की नाही हे यादी झाल्यावर बघायचं होतं.

समोरच्या घरातल्या मुलाला हीच गोष्ट कन्नडमध्ये सुचली. तो माझ्याच वर्गातला, तोही अक्काकडंच वाढलेला. त्यानंही पत्रक काढलं. आमची भांडणं गल्लीत प्रसिद्ध आहेत, कारण मी त्याच्याशी कन्नडमध्ये भांडते आणि तो माझ्याशी मराठीत. कुणी ठरवलं नव्हतं, लहानपणापासून तसंच आहे. मी त्याला अण्णा म्हणते, तो मला ताई म्हणतो, आणि मग दोघं एकमेकांच्या मंडळाची पार वाट लावतो. त्या आठवड्यात तो रस्त्यात भेटला तर म्हणाला, "ताई, तुमी कशाला दगदग करायलाव? खोली आमाला मिळू द्या, अक्काला सकाळी बसायला आमीच देतो." मी त्याला कन्नडमध्ये सांगितलं की उपकार नकोत. त्यानं मराठीत विचारलं की मग तुम्ही काय करायलाव, उपकारच ना? मग मी त्याच्या पत्रकातल्या चुका काढल्या.

यादीसाठी मी घरोघर हिंडले, आणि तो अनुभव फार सुखाचा होता. इतकी वर्षं मोर्चे काढले, निवेदनं दिली, पण लोक इतक्या पटकन 'व्हय' म्हणतात असं कधी झालं नव्हतं. हळ्ळीखेडच्या घरात घोंगडं अंथरलं, चहा दिला, आणि म्हाताऱ्यानं 'मराठीच की, दुसरं काय' म्हणून सही केली. चौकातल्या एका भाकरीवाल्या बाईनं पिठाचे हात पदराला पुसून अंगठा दिला. एका घरी तर सुनेनं माझ्याशी मराठीत गप्पा मारता मारता पोराला दखनीत दटावलं, सासूला कन्नडमध्ये साखर कुठं आहे ते विचारलं, आणि रकान्यात मराठी लिहायला सांगितलं. मी लिहिलं. माझ्या कानांनी हे सगळं ऐकलं, पण हातात पेन होतं. पेन हातात असलं की मला कमी ऐकू येतं.

अक्काच्या दारातही मी गेले. तिची मूळ भाषा कोणती हे वॉर्डात कुणालाच माहीत नव्हतं. आम्ही तिला आमची समजायचो, समोरचे त्यांची. मी विचारलं, "अक्का, तुमच्या घरापुढं काय लिहू?"

ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "तुला काय पायजे ते लिव्ह की पोरी."

मी मराठी लिहिलं आणि तिच्या स्वाभिमानाचं कौतुक करत घरी आले.

अर्ज तपासायच्या दिवशी वॉर्ड ऑफिसात आम्ही तिघं होतो. मी, समोरचा अण्णा, आणि मास्टरसाब, कारण त्यांनी उर्दूची यादी आणली होती. त्यांचंही म्हणणं तेच, खोली आम्हाला द्या, सकाळी अक्का बसेल. तिघांनी मिळून अक्काची खोली तीन वेळा वाचवायला घेतली होती. क्लार्कनं तिन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि गल्लीवार बोट फिरवायला लागला. थोडं पुढं जाऊन त्याचं बोट थांबलं. मग तो मागं गेला, पुन्हा पुढं आला. शेवटी त्यानं एक घर क्रमांक वाचला आणि विचारलं, हे कुणाचं घर?

माझं.

मराठीच्या यादीत माझी सही होती. कन्नडच्या यादीत आईची होती, ठळक, पाय मोडलेल्या अक्षरात. उर्दूच्या यादीत अप्पांची. मी मास्टरसाबांकडं बघितलं. ते जरा ओशाळून म्हणाले, "हौ बेटी, तुमारे बावा खुद सही करे. मैं तो सिरफ पूछा."

समोरच्या अण्णाला हसू आवरत नव्हतं. ते पुढच्या घर क्रमांकापर्यंतच टिकलं. पुढचं घर त्याचं होतं, आणि त्याच्या आईची सही माझ्या यादीत होती. ती मीच घेतली होती. लग्नघरात अक्षता टाकाव्यात तशा सहजपणे केली होती तिनं. मग हळ्ळीखेडवाले निघाले, तिन्हीकडं. भाकरीवालीचा अंगठा तिन्हीकडं. अक्का तिन्हीकडं. तिन्ही याद्यांची बेरीज केली तर आमचा वॉर्ड शेजारचे दोन वॉर्ड गिळून बसला होता. क्लार्कनं तिन्ही कागदांवर 'बोगस' असा शेरा मारला आणि चौकशी होईपर्यंत खोलीला कुलूप लावायचा आदेश काढला. तो आदेश मात्र त्याच दिवशी अमलात आला. सरकारी काम लवकर होत नाही असं म्हणणाऱ्यांनी कुलूप लावताना बघायला हवं.

घरी येऊन मी आईवर ओरडले. ती चुलीपुढं नव्हती, गॅसपुढं होती, पण ओरडा खाताना तिची पाठ चुलीपुढच्यासारखीच थंड होती. सगळं ऐकून घेतल्यावर वळली.

"कामून गं ओरडायलीस? ते पोरगं दारात आलं, बसलं, चहा पिलं, कन्नडमधी इचारलं. मी कन्नडमधीच सांगणार की. दारातल्या माणसाला न्हाई म्हणायचं व्हय?"

मी म्हटलं, पण खोटं लिहून दिलंस ना.

"खोटं कसं? कन्नड येत न्हाई का मला?"

अप्पा बाहेरून म्हणाले की मास्टरसाबांनी तुला पाढे शिकवलेत, त्यांना रिकाम्या हातानं पाठवायचं होतं का. एवढं बोलून ते पेपर वाचायला लागले. पेपर कन्नड होता. इतकी वर्षं तो आमच्या घरात येत होता आणि मी कधी त्याची नोंद घेतली नव्हती.

आपल्या माणसांनी आपला असा विश्वासघात केला तर पत्रकात त्याला एक शब्द आहे. तो शब्द मी आईबद्दल लिहू शकले नाही. खरं सांगायचं तर आमच्याकडं दारातल्या माणसाला त्याच्याच बोलीत जबाब देतात, ही गोष्ट मला अगोदरपासून ठाऊक होती. मी स्वतः तेच करते. समोरच्याशी भांडतानासुद्धा करते. यादी करताना फक्त विसरले, कारण ते विसरण्यात माझा फायदा होता.

दरम्यान अक्का समाजभवनाच्या पायऱ्यांवर बसायला लागली. डिसेंबरातलं ऊन अकरापर्यंत बरं असतं, नंतर पायऱ्या तापतात. पोरं सावलीबरोबर सरकत भिंतीच्या कडेला जायची आणि दुपारी सावली संपली की रडायची. दोन बायकांनी मिलचं काम सोडलं. एक तिच्या पोराला मिलमध्ये घेऊन जायला लागली. मी एकदा अप्पांना डबा द्यायला गेले तेव्हा ते पोर पोत्यांच्या थप्पीशेजारी झोपलेलं दिसलं. पापण्यांवर डाळीची पांढरी धूळ बसली होती. त्याची आई मला ओळखत होती. माझ्या यादीत सही होती तिची. नुसती हसली, आणि पुन्हा चाळणीकडं वळली. त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

मग चौकशी आली. चौकशीचे साहेब दक्षिणेकडून, म्हैसूरच्या अंगानं बदलून आलेले. सज्जन माणूस. कुणावर आवाज चढवला नाही, चपला काढून घरात गेले, प्रत्येकाला 'तुमची मातृभाषा कोणती' म्हणून त्यांच्या शुद्ध, गोड, पुस्तकी कन्नडमध्ये विचारलं. मी आणि समोरचा अण्णा दोन पावलं मागून चाललो होतो. आपापलं बोला म्हणून मी खुणा करून दमले. वॉर्डानं साहेबांना एका आवाजात कन्नडमध्ये जबाब दिला. हळ्ळीखेडच्या म्हाताऱ्यानं दिला, भाकरीवालीनं दिला, मास्टरसाबांनी तर उर्दूच्या अदबीनं कन्नड बोलून साहेबांना खुर्ची दिली. काही बायकांनी त्यांच्या दक्षिणी लकबीची नक्कलही करून बघितली, थट्टा म्हणून नव्हे, त्यांना परकं वाटू नये म्हणून.

शेवटी मी भाकरीवालीला बाजूला घेतलं. म्हटलं, मावशी, सांगा ना त्यांना इथं काय काय बोलतात ते, वैविध्य दिसलं नाही तर खोलीच मिळायची नाही.

तिनं साहेबांकडं कनवाळू नजरेनं बघितलं. "एवढ्या लांबून आलेत गं. त्यास्नी एकच येतंय बिचाऱ्यांना. आपल्याला बाकीचं येतंय की."

आठ दिवसांनी अहवाल आला. वॉर्डात भाषिक वैविध्य आढळून आले नाही, सबब योजना लागू होत नाही. समोरच्या अण्णानं तो मला वाचून दाखवला. त्याच्या भाषेचा संपूर्ण विजय झाला होता आणि त्याच्या हाती काही लागलं नव्हतं. तो अहवाल घडी करून खिशात घालताना पहिल्यांदाच त्यानं मला चिडवलं नाही.

योजना गेली, पण कुलूप राहिलं. क्लार्कचं म्हणणं, कुलूप योजनेच्या फाइलीतून लागलं होतं, फाइल बंद झाली, आता कुलूप उघडायचा आदेश कोणत्या फाइलीतून काढू? मी घरी आले आणि लिहायला बसले. जाहीर निषेध. शीर्षक, तीन मागण्या, खाली इशारा. अर्धं पत्रक झालं तेवढ्यात अक्का आली, उंबऱ्यावर बसली. मी तिला वाचून दाखवलं. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं.

"चांगलं लिवलंयस. हे मागून काढ. आधी एक साधा अर्ज लिव्ह." मग म्हणाली, "कन्नडमधी लिव्ह. त्या क्लार्काला मराठी वाचाय येत न्हाई."

मी लिहिला. माझ्या आयुष्यातलं पहिलं असं लिखाण, ज्यात कुणाचाही धिक्कार नव्हता. 'मिलच्या बायकांची मुलं उन्हात बसतात, खोली उघडून द्यावी.' एवढंच. समोरच्या अण्णाकडं घेऊन गेले. त्यानं दोन ठिकाणी दुरुस्ती केली आणि सही केली. मास्टरसाबांनी सही केली. आयांनी अंगठे दिले. यावेळी रकाना आखला नाही.

वॉर्ड ऑफिसात अक्का स्वतः आली, आणि पोरांना ठेवायला दुसरी जागा नसल्यामुळं सगळी पोरंही आली. ती व्हरांड्यात पसरली, पंख्याखाली सावली होती, त्यांना आवडलं. एक टेबलाखाली गेलं. एकानं शिक्क्याचं पॅड शोधलं. क्लार्कनं अर्ज घाईघाईनं वाचला आणि सवयीनं पेन उचललं. त्याला कुठल्या तरी रजिस्टरात नोंद करायची होती.

"मुलांची भाषा कोणती लिहू?" त्यानं विचारलं.

अक्का म्हणाली, "आताशी बोलाय शिकायलेत साहेब. ठरलं की कळवते."

क्लार्कनं शिक्क्याच्या पॅडकडं बघितलं, जे आता टेबलावर नव्हतं. त्यानं रकान्यात एक आडवी रेघ ओढली, ड्रॉवर उघडला आणि किल्ली काढली. किल्लीला वॉर्डातली एक जबाबदार व्यक्ती हवी म्हणाला. अक्कानं माझ्याकडं बोट केलं. तिच्या निवडीचं कारण मला अजून कळलेलं नाही. बहुधा मी सगळ्यांत जास्त आवाज करते म्हणून.

किल्ली आमच्या दारामागच्या खिळ्यावर असते. रोज सकाळी पावणेनऊला अक्का हाक मारते, मला मराठीत, आईला कन्नडमध्ये, अप्पा दारात असले तर त्यांना दखनीत. मिल सोडलेल्या दोघींपैकी एक परत कामावर लागली. दुसरीच्या जागी मिलवाल्यानं दुसरी बाई घेतली, ती अजून घरीच आहे, आणि तिचं पोर तरीही अक्काकडं येतं. तिच्या गेलेल्या कामाचा जाब अजून कुणी दिलेला नाही. ते अर्धं राहिलेलं पत्रक मी पूर्ण करणार आहे.

अक्काची भाषा कोणती हा प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून गेला नाही. चळवळीत शिकले होते की माणूस कळवळला की स्वतःच्या भाषेत ओरडतो. परवा तिच्यासाठी मी खोलीचं दार ओढायला गेले आणि तिचं बोट फटीत चेमटलं. मी आधी कान टवकारले, मग दार सोडलं, ही गोष्ट मला लिहिताना लाज वाटते.

"यव्वा," अक्का म्हणाली.

'आई गं'च्या जागी ते तर मीही म्हणते. समोरचा अण्णा म्हणतो, मास्टरसाबांची बायको म्हणते. अक्कानं बोट तोंडात धरलं आणि माझ्याकडं बघत राहिली. मग बोट काढून म्हणाली, "काय ऐकायलीस गं? पाणी आण."

मी पाणी आणायला गेले.